आधी तारीख, मग आकडा

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या कुठल्याही मराठी घराच्या स्वयंपाकघरात डोकावलात, तर भिंतीवर टांगलेले ‘कालनिर्णय’ दिसेल. त्यावर दूधवाल्याचे खाडे असतात, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख असते, कुणाच्या तरी लग्नाच्या तारखेभोवती काढलेला गोल असतो. आणि त्याच चौकटींमध्ये महिन्यातून एकदा पेन्सिलीने दिलेला एक बारीक ठिपका असतो. त्याचा अर्थ घरातली बाई सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. माझ्या आईच्या कॅलेंडरवर तो होता, माझ्याही होता. आता सुनेच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये तो गुलाबी वर्तुळ होऊन आला आहे. या पुस्तकाचा विषय त्या ठिपक्यापासून सुरू होतो.

प्रोजेस्टेरॉन, ताण आणि स्त्रीच्या शरीरातला हॉर्मोनांचा तोल, असे विषयाचे नाव घेतले की काही वाचकांना हे डॉक्टरांचे काम वाटते. काहींनी याविषयी इतके काही इकडून तिकडून ऐकलेले असते की आणखी एका पुस्तकाची गरजच काय, असा प्रश्न त्यांना पडतो. दोघांनाही माझी विनंती आहे की थोडा वेळ सोबत चला. ज्यांना विषय अवघड वाटतो, त्यांच्या घरात त्याचे निम्मे साहित्य आधीच आहे. ज्यांनी खूप ऐकले आहे, त्यांना ऐकलेल्यापैकी काय टिकते आणि काय गळते, हे तपासण्याची एक सोपी कसोटी इथे मिळेल.

आपल्याकडे या विषयाला शब्दांची कमतरता कधीच नव्हती. कावळा शिवला, बाहेर बसली, अंगावरून जास्त जाते, दिवस गेले, पाळी गेली, पिशवी काढली: स्त्रीच्या शरीराच्या प्रत्येक वळणाला मराठीने आडपडद्याचा का होईना, एक शब्द दिला. पडदा बाजूला करण्याचे धाडसही मराठीतच झाले. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. हे लेखन मराठीत करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, उलट मराठी वाचक समजून घेईल असा त्यांचा भरवसा होता. त्याच भरवशावर मीही लिहीत आहे.

पुढचा मोठा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी त्रास होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. गरोदर नसलेल्या, बाळंतीण नसलेल्या बाईलाही दुखणे असते आणि तिला विचारले तर ती सांगते, ही गोष्ट या दोन आकड्यांनी जगासमोर ठेवली. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. या विषयाला पुस्तकाची गरज का आहे, याचे उत्तर त्यांच्यामधल्या अंतरात आहे.

आता मूळ पात्राची ओळख करून देते. मराठी परिभाषेत प्रोजेस्टेरॉनला ‘प्रगर्भरक्षी’ असा शब्द आहे, आणि त्यातच त्याचे काम आले: गर्भ राहण्याची तयारी करणे आणि राहिलेला गर्भ सांभाळणे. दर महिन्याला अंडाशयातून एक बीज बाहेर पडते. ते जिथून निघाले, ती रिकामी झालेली जागा वाया जात नाही. तिथे पिवळसर रंगाची, साधारण दोन सेंटीमीटरची एक तात्पुरती ग्रंथी तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड दिवसाला २५ मिलिग्रॅमपर्यंत प्रोजेस्टेरॉन तयार करतो. त्याने गर्भाशयाचे अस्तर मऊ आणि पोषक होते, शरीराचे तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर वाढते. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तराचा आधार जातो आणि पाळी येते. गर्भ राहिला तर गर्भाकडून आलेला निरोप पीतपिंडाला तगवतो आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वार ते काम आपल्याकडे घेते.

एवढे समजले की मीरा-भाईंदरमधल्याच काय, महाराष्ट्रातल्या हजारो घरांत दर भाद्रपदात घडणारी एक गोष्ट स्पष्ट होते. गौरी-गणपती जवळ आले की औषधांच्या दुकानात ‘पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या’ मागितल्या जातात. त्या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. ते प्रोजेस्टेरॉनसारखे वागणारे, प्रयोगशाळेत तयार झालेले औषध आहे. गोळी चालू असेपर्यंत अस्तराला वाटते की पीतपिंड अजून जागा आहे, म्हणून ते टिकून राहते. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे आपल्या आया-बहिणींनी प्रोजेस्टेरॉनचा मूळ नियम वर्षानुवर्षे अनुभवाने पाठ केलेला आहे, फक्त त्याचे नाव त्यांना कुणी सांगितले नाही. वाचकांनी इथे एक सावधगिरी मात्र बाळगावी. रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रीने ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे. आणि सणाला पाळी आली तर काय बिघडते, हा प्रश्नही घरात मोकळेपणी विचारला जावा, असे मला मनापासून वाटते.

आता ज्या कसोटीचा उल्लेख मी सुरुवातीला केला, तिच्याकडे येते. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर संध्याकाळी बसले होते. खालच्या मजल्यावरची एक तरुण मुलगी ऑफिसमधून परतली ती थेट माझ्याकडेच आली. तिने बॅगेतून घडी घातलेला रिपोर्ट काढला. दुसऱ्या मुलाचा विचार चालला होता, म्हणून तिने स्वतःहूनच तपासणी करून घेतली होती. प्रोजेस्टेरॉन ०.४. ती म्हणाली, “काकू, माझं प्रोजेस्टेरॉन संपलंच आहे हो.” डोळ्यांत पाणी होते. मी कॉलेजात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे सवयीने विचारले, “रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलंस गं?” ती क्षणभर आठवत राहिली. म्हणाली, “पाचव्या.”

पाचव्या दिवशी पीतपिंड अस्तित्वातच नसतो. बीज अजून बाहेर पडायचे असते. त्या दिवशी प्रत्येक निरोगी स्त्रीचे प्रोजेस्टेरॉन दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या खालीच असते. तोच आकडा पुढची पाळी येण्याच्या सात दिवस आधी ०.४ आला असता, तर त्या महिन्यात बीज सुटले नसावे, असा अर्थ निघाला असता. त्या वेळी ३ च्या वर आकडा असेल तर बीज सुटले असे सामान्यतः धरतात. कागद तोच, आकडा तोच, पण तारीख बदलली की अर्थ उलटा होतो. शिवाय पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन लाटांसारखे रक्तात उतरते, त्यामुळे एकाच दिवशी काही तासांच्या अंतराने मोजले तरी ते कित्येक पटींनी वर-खाली होऊ शकते.

या साऱ्या पुस्तकातून मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. हॉर्मोनांचा तोल तराजूच्या पारड्यांसारखा कायम एका रेषेत राहत नाही. तो वेळापत्रकासारखा असतो. कोण कधी येते आणि कधी जाते, यावर सगळे चालते. म्हणून वाचकांनी कुठलाही रिपोर्ट, कुठलाही सल्ला, कुठलीही जाहिरात समोर आली की आधी तारीख विचारावी, मग आकडा पाहावा.

हीच कसोटी ताणाला लावून पाहू. मीरा रोड स्टेशनवर सकाळी लोकलच्या लेडीज डब्यासमोर उभ्या राहिलात तर ताण म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. मे १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली पहिली महिला विशेष लोकल धावली, त्या वेळी अनेकींना हायसे वाटले. पण पहाटे डबे भरून, मुलांना आवरून, तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळवून, परतीच्या प्रवासात मटार सोलत घरी येणाऱ्या बाईचा दिवस त्यानंतरही तेवढाच लांब राहिला. या बायका एक वाक्य हमखास बोलतात, “टेन्शनमुळे पाळी पुढे गेली.” ते वाक्य शास्त्राला धरून आहे, आणि त्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने, पाळीच्या पूर्वार्धात साधारण तास-दीड तासाने, पोष ग्रंथीला संदेश पाठवतो. त्या ठेक्यावर अंडाशय बीज तयार करतो. दीर्घ ताण, अपुरी झोप, एकदम घटलेले वजन, उपासमार किंवा फाजील व्यायाम यांनी हा ठेका मंदावतो. मग बीज सुटायला उशीर होतो, कधी ते सुटतच नाही. बीज सुटल्यानंतरचे दिवस मात्र बहुतेक स्त्रियांत बारा ते चौदाच्या आसपास ठरलेले असतात. म्हणजे पाळी उशिरा आली तर उशीर बहुधा पहिल्या अर्ध्यात झालेला असतो. ज्या परीक्षेने, आजारपणाने किंवा भांडणाने पाळी पुढे गेली, ते बहुधा दोन-तीन आठवड्यांपूर्वी घडून गेलेले असते. ‘आज पाळी का आली नाही’ असे विचारण्यापेक्षा ‘या महिन्याच्या सुरुवातीला माझ्यावर काय बेतले होते’ असे विचारून पाहा. उत्तर पुष्कळदा कॅलेंडरवरच सापडेल.

ताणाबद्दल एक लोकप्रिय समजूत इथेच दूर करते. ताणाचे हॉर्मोन, म्हणजे कॉर्टिसॉल, तयार करण्यासाठी शरीर अंडाशयातले प्रोजेस्टेरॉन ‘चोरते’, असे पुष्कळदा सांगितले जाते. कॉर्टिसॉल बनताना वाटेत प्रोजेस्टेरॉनची पायरी लागते हे खरे, पण ते काम मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या आत, त्यांच्याच कच्च्या मालावर चालते. एकाच मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांचे सिलिंडर वेगळे असतात, तसे हे आहे. एकीकडचा गॅस संपला म्हणून दुसरीकडची शेगडी विझत नाही. ताण प्रोजेस्टेरॉनला खाली आणतो तो मेंदूचा ठेका बिघडवून.

उलट दिशेचा प्रवासही आहे. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो मेंदू शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेवर काम करतो. काही झोपेच्या गोळ्याही त्याच यंत्रणेवर काम करतात. बाळंतपणानंतर हे सारे एकाएकी उतरते. २०१९ मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर याच पदार्थापासून तयार केलेल्या औषधाला मान्यता मिळाली. पाळीआधी ज्यांना तीव्र चिडचिड किंवा उदासी येते, त्यांच्या रक्तातली पातळी इतरांसारखीच असते. त्यांचा मेंदू त्या चढउताराला अधिक जोरात प्रतिसाद देतो. म्हणून “तुझ्यात काहीतरी कमी आहे” असे अशा मुलीला कुणी म्हणू नये. तिचा त्रास खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत.

या विषयात आपल्या मुंबईने जे केले आहे, त्याचा मला अभिमान आहे आणि वाचकांनाही तो वाटावा अशी इच्छा आहे. मीरा रोडहून लोकल पकडून प्रभादेवीला उतरलात, तर चालत जाण्याच्या अंतरावर तीन ठिकाणे आहेत. केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी भारतातली शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आजही अशा उपचारांत गर्भ आत सोडल्यावर त्याला आधार म्हणून प्रोजेस्टेरॉन देतात. त्या प्रयत्नात जिची साथ होती, ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्याची संस्था परळमध्ये आहे. आणि तिसरे ठिकाण टाटा स्मारक रुग्णालय.

टाटामधली कथा सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण प्रोजेस्टेरॉन आणि ताण हे दोन धागे तिथे एकत्र येतात. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये, पाळी जाण्याआधीच्या वयात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २४९ स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: शस्त्रक्रिया पाळीच्या कितव्या दिवशी झाली? तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत, म्हणजे प्रोजेस्टेरॉन नसतानाच्या काळात, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या. बाकीच्या दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. पुढे इतरांनी केलेल्या पाहण्यांत मात्र निष्कर्ष एकमुखी आले नाहीत. तेव्हा बडवे यांनी टाटामध्ये थेट प्रयोगच केला. हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातल्या औषधाचे एकच इंजेक्शन दिले. २०११ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्या स्त्रिया एकत्र धरता फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या ४७१ जणींत पाच वर्षे रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण ५४.७ टक्के होते, ते इंजेक्शन घेतलेल्यांत ६५.३ टक्के दिसले. पुढे २०१८ मध्ये, शस्त्रक्रियेने पेशींवर येणारा ताण प्रोजेस्टेरॉन कसा सौम्य करते, याचा मागोवा घेणारे संशोधनही याच परिवारातून प्रसिद्ध झाले. हा अजून सर्वत्र रुळलेला उपचार नाही. मी तो सांगते तो त्यातल्या प्रश्नाच्या सुरेखपणासाठी. कॅलेंडरवरच्या त्या ठिपक्याला एका शल्यविशारदाने गांभीर्याने घेतले, तिथून हे सारे निघाले.

दोन वयांचे वाचक या विषयाकडे विशेष ओढीने येतात, त्यांच्यासाठी थोडे. पहिले वय विशीच्या आसपासचे. पीसीओएस (बीज सुटणे अनियमित करणारा हॉर्मोनांचा बिघाड) हा शब्द आता शाळकरी मुलींनाही ठाऊक आहे. परळच्या त्याच संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींच्या पाहणीत, २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, एका व्याख्येने २२.५ टक्के आणि दुसऱ्या, अधिक काटेकोर व्याख्येने १०.७ टक्के मुलींत तो नोंदवला. मुली त्याच, मोजपट्टी वेगळी. म्हणून नुसत्या सोनोग्राफीच्या एका ओळीने घाबरू नका. पण महिनोन्‌महिने पाळी येत नसेल तर दुर्लक्षही करू नका. बीज सुटत नसेल तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि त्याच्या लगामाशिवाय अस्तर जाड होत राहते.

दुसरे वय चाळिशीनंतरचे. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत बीज सुटणे अनियमित होते आणि त्याच कारणाने पुष्कळ स्त्रियांना अंगावरून जास्त जाते. यावर गोळ्या आहेत, हॉर्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी साधने आहेत, तरीही ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार सहज दिला-घेतला जातो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांची शासकीय पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत कामावरचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. हॉर्मोनांचा अभ्यास करताना कोयता, उचल आणि मुकादम हे शब्दही अभ्यासात येतात, हे वाचकांनी विसरू नये.

आता वाचण्याची रीत. पुस्तक उघडण्याआधी तीन महिने कॅलेंडरवर ठिपका द्या. पाळी सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, झोप, मनःस्थिती आणि मोठा ताण आल्याचा दिवस एवढे पुरे. ‘प्रोजेस्टेरॉन’ आणि ‘प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे’ यांत फरक करायला शिका, कारण त्यांचे फायदे आणि धोके एकसारखे नाहीत. ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलू नका. पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या रानांत पेव फुलतो. त्याच्या कंदात डायोस्जेनिन असते आणि त्यापासून कारखान्यात अशी हॉर्मोने तयार करता येतात. पण तो कंद खाल्ला किंवा त्याचा लेप लावला तर आपले शरीर ते रूपांतर करू शकत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर पुस्तक बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पुरुष वाचकांचेही मनापासून स्वागत आहे. घरातल्या त्या ठिपक्याचा अर्थ तुम्हालाही कळला, तर घरातले अर्धे गैरसमज आपोआप मिटतील.

बाकावरच्या त्या मुलीने मग एक काम केले. घरी जाऊन तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीचा ठिपका आधी दिला. मग मागच्या काही पाळ्यांचे दिवस मोजून, पुढची पाळी अपेक्षित होती त्याच्या सात दिवस आधीच्या चौकटीत दुसरा ठिपका दिला. त्या दिवशी पुन्हा रक्त दिले आणि रिपोर्ट घेऊन ती स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. आकडा किती आला, हे तिने मला सांगितले, पण ते तिचेच राहू दे. पण त्या संध्याकाळी गेटमधून आत येताना तिचे पहिले वाक्य होते, “काकू, बाविसावा दिवस.” आकडा तिने त्यानंतर सांगितला. या पुस्तकाच्या वाचकांकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड (पूर्व)
कोजागरी पौर्णिमा